कूलर बंद करा, रेकॉर्डिंग आहे

बजाजनगरात लसूण, कुल्फी, टरबूज, फिनाईल आणि जुन्या गाद्यांची दुरुस्ती हे सगळं एकाच बाईच्या आवाजात विकलं जायचं. हातगाडीवर भोंगा, भोंग्यात पेन ड्राईव्ह आणि पेन ड्राईव्हमध्ये दीपमाला. ही बाई कोण हे गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं. खुद्द दीपमालालाही कधीकधी विसर पडायचा. दारात लसणाची गाडी आली की ती पिशवी घेऊन बाहेर यायची. गाडी तिच्याच आवाजात म्हणायची, 'घ्या ताई घ्या, असा भाव परत नाही.' त्यावर दीपमाला म्हणायची, "काय बी सांगू नका, बाजारात याच्यापेक्षा स्वस्त हाय." गाडीवाला मधल्यामध्ये गप्प उभा राहायचा. दोन्ही बाजू तिनंच धरल्यावर त्याला बोलायला काही उरत नसे.

तिचा नवरा कृष्णा वाळूजला एका कंपनीत कामाला होता. त्याचं दुखणं वेगळंच होतं. "घरी बोलणी खाऊन माणूस ड्युटीला जावा," तो म्हणायचा, "तर गेटवर तीच बाई टरबूज घेऊन उभी."

पण धंदा चांगला चालला होता. कामाची पद्धतही ठरून गेली होती. लेकरं शाळेत गेली आणि कृष्णा कंपनीच्या बसमध्ये बसला की दीपमाला दिवाणावर दोन खुर्च्या ठेवायची, त्यांवर सासरहून आलेली जाड गोधडी टाकायची आणि मोबाईल घेऊन आत शिरायची. पंखा बंद. कूलर बंद, कारण त्यांचा कूलर चालू झाला की जवळच कुठंतरी ट्रॅक्टर नांगरतोय असं वाटायचं. उन्हाळ्यात बंद खोलीत, गोधडीच्या आत बसून ती कुल्फीची जाहिरात करायची. 'गारेगार' हा शब्द तिच्या तोंडून अशा तळमळीनं बाहेर पडायचा की रस्त्यानं चाललेली माणसं गलबलून कुल्फी घ्यायची.

मग शाळेला सुट्टी लागली.

थोरली श्रेया चौथी पास झाली होती आणि धाकटा सत्यम दुसरी. दोघंही दिवसभर घरात. आता प्रश्न असा होता की कूलर चालू ठेवला तर लेकरं गप्प बसायची, पण कूलर बोलायचा. कूलर बंद केला तर कूलर गप्प, पण लेकरं बोलायची. त्यात कृष्णाला तिसरी पाळी लागली. म्हणजे तो रात्रभर कंपनीत आणि दिवसभर घरात, कूलरच्या तोंडाशी आडवा. त्याला झोपेत बोलायची सवय होती, ती एरवी कुणाच्या लक्षातही आली नसती.

दरवर्षी यावर एक साधा उपाय होता. लेकरांना गावी सासूकडं पाठवायचं. दीपमालानं पिशव्या भरल्या, टोप्या शोधल्या, सत्यमला सांगितलं की आजीच्या मेंढरांना पकडून बसायचं नाही. पिशव्या दाराशी ठेवून ती चप्पल घालत होती, तेवढ्यात दारात सारजाबाई उभ्या. डोक्यावर गाठोडं.

"लेकरायला सुट्ट्या लागल्या म्हणलं," त्या म्हणाल्या, "म्हणून मीच आले. मेंढरं पुतण्याच्या गळ्यात घातली. तिकडं मरणाचं ऊन हाय, अन् तुमच्याकडं कूलर हाय."

दीपमालानं चप्पल काढली.

पहिले काही दिवस तिनं परिस्थितीशी जुळवून घेतलं. बंद होत नाहीत ते आवाज कामाला लावायचे, असं तिनं ठरवलं. कुल्फीची जाहिरात कूलर चालू ठेवून केली. मागं पाणी गळायचा आवाज आला, तर ऐकणाऱ्याला थंडच वाटणार. मसाल्यांची जाहिरात कुकरच्या शिट्ट्यांवर केली. खेळण्यांच्या गाडीची जाहिरात श्रेया आणि सत्यमचं भांडण चालू असताना उरकली, त्यात सत्यम 'माझं हाय ते, दे' असं इतकं मनापासून ओरडला की गाडीवाल्यानं तेवढंच परत परत वाजवलं. गादी दुरुस्तीसाठी कृष्णाचं घोरणं वापरलं. धंद्यात असं डोकं चालवावं लागतं.

पण सारजाबाईंचं काय करायचं, हे तिला कळेना.

सारजाबाईंचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला होता. रानात मेंढरं बसली की कुणीतरी गोष्ट सांगायची आणि कुणीतरी हुंकार द्यायचा, हा तिथला कायदा. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला असं समजून सांगणारा गोष्ट तिथंच सोडून द्यायचा, मग राजा विहिरीत लोंबकळत का असेना. त्यामुळं कुणी बोलायला लागलं की सारजाबाईंच्या तोंडून हुंकार आपोआप निघायचा. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईलाही त्या 'अगं माय' म्हणायच्या. दीपमाला गोधडीत शिरून म्हणाली, 'लाल लाल टरबूज,' की बाहेरून आवाज यायचा, "व्हय."

असं सगळं चाललेलं असताना फकिरा आला.

फकिरा रिक्षांना आणि हातगाड्यांना भोंगे बसवून द्यायचा. दीपमालाचं सगळं काम त्याच्याकडूनच यायचं. तो दारातच मोबाईल काढून बसला.

"वहिनी, मामला जरा नाजूक हाय," तो म्हणाला. "क्रांती चौकातल्या खंडेरावशेठच्या साडीच्या दुकानाचं काम हाय. सेल लागणार. शहरभर रिक्षा फिरणार. पण शेठला आवाज काचेसारखा पाहिजे. मागं कूलर नको, कुकर नको, लेकरं नको."

"होऊन जाईल की, फकिराभाऊ."

"आता हे ऐका." त्यानं मोबाईलवर काहीतरी दाबलं. एक गोड बाई बोलायला लागली. आमच्याकडे उत्तम प्रतीच्या साड्या रास्त दरात उपलब्ध आहेत, तरी ग्राहकांनी लाभ घ्यावा, असं ती एका दमात बोलून गेली.

सारजाबाईंनी मध्ये दोनदा तोंड उघडलं आणि दोन्हीदा परत मिटलं. बाई थांबतच नव्हती.

"कोण हाय ही?" त्यांनी विचारलं.

"कंप्युटर हाय, आजी. नुसतं लिहून द्यायचं, ती बोलती."

"हिचं कुणी ऐकत नसंल," सारजाबाई हळहळल्या. "म्हणून अशी घाई घाईनं सांगून टाकायली बिचारी."

फकिरा दीपमालाकडं वळला. त्याला सांगायला जड जात होतं, पण त्यानं सांगितलं. "मी तुमच्या विरोधात नाय, वहिनी. पण तो कुल्फीवाला म्हणायला लागला, भोंग्यात पाणी गेलंय. हे साडीचं काम उद्या संध्याकाळपर्यंत साफ झालं तर माझं काही म्हणणं नाय. नायतर लसणापासून गादीपर्यंत सगळ्या गाड्यांवर हिलाच बसवावं लागंल. हिला लेकरं नायत, सुट्ट्या नायत, सासू नाय."

दीपमालानं त्या मोबाईलकडं पाहिलं. तिला राग यायला हवा होता. पण आधी हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं घरात बंदोबस्त लावला. कृष्णाला कुशीवर वळवून पाठीमागं उशी लावली, म्हणजे तो उताणा होऊन घोरणार नाही. कूलर बंद केला. त्यानं झोपेतच कूलरच्या दिशेनं हात जोडले. श्रेया आणि सत्यमला मोरीत बसवून श्वास रोखायची स्पर्धा लावून दिली. जो जास्त वेळ गप्प राहील त्याला बर्फाचा गोळा.

मग ती सासूसमोर बसली.

"आत्या, आता मी आत जाऊन बोलणार. तुम्ही काय बोलायचं नाय."

"मी कुठं काय बोलायले? तू बोलायलीस. मी नुसतं ऐकायले."

"ऐका की. फक्त व्हय म्हणू नका."

"मग मी ऐकायले हे तुला कसं कळंल?"

"मला कळलं नाही तरी चालंल."

सारजाबाईंनी तिच्याकडं जरा काळजीनं पाहिलं. "कुणी ऐकत नसताना बोलायचं? दीपे, असं भुताला सांगतात, माय."

पहिल्या वेळी त्यांनी स्वतःहून तोंडावर पदर धरला. पदरातून 'व्हय' आला. दुसऱ्या वेळी त्यांनी मिश्रीचं बोट दातांवर फिरवत बसायचं कबूल केलं. मिश्री लावताना 'व्हय' म्हणता येत नाही, पण 'हंअ' म्हणता येतं आणि ते जास्त लांब चालतं. तिसऱ्या वेळी दीपमालानं त्यांना घोटभर पाणी तोंडात धरायला सांगितलं. पैठणीवर घसघशीत सूट, हे वाक्य येईपर्यंत त्यांनी ते धरलं. मग घटकन गिळलं आणि म्हणाल्या, "काय सांगती." शेवटी दीपमालानं त्यांना बाहेर ओट्यावर बसवून दार लावून घेतलं. त्या खिडकीतून म्हणाल्या, "मग?"

गोधडीच्या आत दीपमाला घामानं निथळत होती. बाहेरून टरबुजाची गाडी गेली आणि तिला स्वतःचाच आवाज लांबून ऐकू आला, मस्त मोकळा, फेब्रुवारीत केलेला. फेब्रुवारीत शाळा होती. तिनं डोळे मिटून ठरवलं की आता काही होवो, थांबायचं नाही. सगळी जाहिरात सुरुवातीपासून शेवटपर्यंत, प्रत्येक वाक्यानंतर नेहमीसारखा दम घेऊन तिनं म्हणून टाकली. प्रत्येक दमाच्या जागी सारजाबाईंचा हुंकार बरोबर बसला. बाकी मात्र सगळं काचेसारखं होतं. कृष्णा घोरला नव्हता. मोरीतून आवाज आला नव्हता.

मोरीतून आवाज आला नव्हता, हे तिच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

"आजीचं कापून टाकू का?" श्रेयानं येऊन विचारलं. तिला मोबाईलवर ही कापाकापी आईपेक्षा चांगली जमायची. ती ओट्यावर मोबाईल घेऊन बसली आणि एकेक हुंकार कापून बाजूला काढत गेली. दीपमालाची जाहिरात साफ झाली. श्रेयानं ती सेव्ह केली. मग कापलेले तुकडे टाकून द्यायला तिला जीवावर आलं, आजीचा आवाज होता तो. म्हणून तिनं ते एकापुढं एक जोडून आणखी एक फाईल केली, आणि तीही सेव्ह केली. सुट्टीत वेळ भरपूर असतो.

त्याच वेळी दीपमाला मोरीत होती. सत्यमनं गप्प राहायच्या नादात तांब्यात हात घातला होता आणि तो निघत नव्हता. स्पर्धा हरू नये म्हणून त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. ती खोबऱ्याचं तेल ओतून हात फिरवत असताना दारात फकिराचा आवाज आला.

"वहिनी, शेठचा फोनावर फोन यायलाय. शेवटची फाईल ना?"

दीपमालाचा कायदाच होता: मोबाईलमधली शेवटची फाईल ती पक्की, आधीच्या सगळ्या बिघडलेल्या. इतकी वर्षं फकिरा तशीच फाईल न्यायचा.

"हो, शेवटचीच," ती आतून म्हणाली. तांब्या निघाला. श्रेयानं ओट्यावरच फकिराच्या हातात मोबाईल दिला, त्यानं फाईल घेतली आणि तो गेला.

सकाळी दहा वाजता, कृष्णाला चहा देताना, दीपमालानं सहज मोबाईल उघडला. साडीची जाहिरात ऐकावी, मन शांत होईल, म्हणून तिनं शेवटची फाईल लावली.

"व्हय," मोबाईल म्हणाला. "मग? काय सांगती बाई. व्हय, व्हय. अगं माय. पुढं? असंच असतंय बघ."

तिनं फकिराला फोन लावला. वाजत राहिला. भोंग्याखाली बसून बसून फकिराला फोनही ऐकू येईनासा झाला होता आणि भोंगाही. त्यानं पेन ड्राईव्ह लावला असणार आणि निघाला असणार. दीपमालानं पायात चपला घातल्या. तिच्या मागं लेकरं निघाली, लेकरांमागं सारजाबाई. कृष्णा चहा घेऊन झोपला. सगळे रिक्षात बसून क्रांती चौकात पोचले, तेव्हा ऊन चढलं होतं.

फकिराची रिक्षा चौकाच्या अलीकडं, खंडेरावशेठच्या दुकानासमोर उभी होती. पुढं सरकायला जागाच नव्हती. टपावर साड्यांचा रंगीत फलक होता, आणि टपावरचा भोंगा सावकाश, समजुतीनं म्हणत होता, "व्हय. मग?"

रिक्षाभोवती माणसं होती. एक बाई भोंग्याकडं तोंड करून सांगत होती, "मग काय, मी पण नाय गेले त्यांच्या वास्तूला."

"काय सांगती बाई," भोंगा म्हणाला.

"खरंच सांगायले. पत्रिका दिली, पण फोन नाय केला."

"असंच असतंय बघ."

बाईनं डोळे टिपले. तिच्या मागं हेल्मेट काखेत धरून एक गृहस्थ नंबर लावून उभा होता. त्याच्या सुपरवायझरनं त्याला काय म्हटलं होतं, त्याची तो मनातल्या मनात उजळणी करत होता. स्कूटीवाल्या दोघीजणी रेल्वे स्टेशनपासून रिक्षाच्या मागं येत होत्या, कारण त्यांचं अर्धंच सांगून झालं होतं.

"वहिनी," फकिरा सीटवर आक्रसून बसला होता, "ह्यांना सांगा, मी नाय बोलायलो."

सारजाबाई कान देऊन भोंगा ऐकत होत्या. "ही बाई," त्या दीपमालाला म्हणाल्या, "लई समजूतदार हाय. ती मोबाईलमधली घाईकरणी नाय पटली मला. ही चांगली."

दुकानाच्या काचेच्या दारातून खंडेरावशेठ बाहेर आले. पोटावर हात ठेवून ते गर्दीकडं, मग भोंग्याकडं, मग तिच्याकडं पाहत राहिले.

"तुम्हीच का त्या आवाजवाल्या?"

"हो."

"माझ्या जाहिरातीत साडी कुठाय?"

"चुकलंय, शेठ. चूक आमच्या घरातली हाय, फकिराभाऊंची नाय. चांगली फाईल आणलीय मी." तिनं घाईघाईनं मोबाईलमधली फाईल फकिराच्या भोंग्यावर चढवली. काचेसारखा आवाज क्रांती चौकात घुमला. पैठणीवर घसघशीत सूट. मागं काही नाही, कूलर नाही, कुकर नाही. दीपमालाला स्वतःचाच अभिमान वाटला.

पुढच्या वाक्याला गर्दी पांगायला लागली. "जाहिरात लागली वाटतं," हेल्मेटवाला म्हणाला आणि किल्ली शोधायला लागला.

"थांबवा," शेठ म्हणाले. "आधीचं लावा."

पण आधीचं लावायची गरज पडली नाही. सारजाबाईंना ऊन सहन होईना. काचेच्या दारातून बाहेर येणारी गार हवा त्यांनी चपलेपासून गुडघ्यापर्यंत अजमावली आणि सरळ आत जाऊन पांढऱ्या गादीवर बसल्या. वास्तूची बाई अजून मागं बडबडत होती. "तर मी म्हणलं, आमच्यात काय कमी हाय?" सारजाबाईंनी सवयीनं मान हलवली. "व्हय," त्या म्हणाल्या.

बाई जागच्या जागी थांबली. तिनं भोंग्याकडं पाहिलं, मग सारजाबाईंकडं. मग चप्पल काढून आत गेली आणि समोर मांडी घालून बसली. तिच्यामागं स्कूटीवाल्या गेल्या. हेल्मेटवाला जरा घुटमळला आणि बायकोसाठी बघायचं निमित्त करून तोही गेला.

साडीच्या दुकानातल्या माणसांचा हात रिकामा राहत नाही. समोर बाई येऊन बसली की घडी उलगडलीच. वास्तूची बाई बोलत होती, सारजाबाई हुंकार देत होत्या, दुकानातला पोऱ्या एकामागून एक साडी पसरत होता, आणि बोलता बोलता बाईचा हात एका मोरपंखी काठावर थांबला. "हीच नेसून गेले असते बघा," ती म्हणाली.

"अगं माय," सारजाबाई म्हणाल्या.

"पॅक करा," बाई पोऱ्याला म्हणाली.

दुपारपर्यंत शेठनं सारजाबाईंसाठी लोड मागवला, पाण्याचा माठ जवळ सरकवला आणि दीपमालाला बाजूला बोलावलं. "सुट्टी संपेपर्यंत आजींना इथं बसू द्या," ते म्हणाले. "त्यांना काय पाहिजे ते विचारा."

सारजाबाईंना फार काही नको होतं. "थंडावा हाय, माणसं हायत. पण लेकरं सोडून मी कुठं बसायची नाय," त्या म्हणाल्या. "तीबी संगं येतील. सकाळी यायचं, दिवस मावळायला जायचं."

शेठनं श्रेया आणि सत्यमकडं पाहिलं. सत्यम एका पुतळ्याच्या नेसलेल्या साडीत शिरून बसला होता.

"रोज?" शेठनं विचारलं.

"रोज," दीपमाला सासूच्या आधी म्हणाली.

जाताना फकिरानं तिला रिक्षापर्यंत सोडलं. "त्या कंप्युटरच्या बाईचं काय करू, वहिनी? पैसे भरून बसलोय."

"फिनाईलला लावा," ती म्हणाली. फिनाईल तिला कधीच आवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आणि नातवंडं डबा घेऊन ड्युटीला गेली. घरात सुट्टी लागल्यापासून पहिल्यांदाच कुणी नव्हतं, फक्त कुशीवर वळवलेला कृष्णा. दीपमालानं दिवाणाच्या कडेला खुर्च्या ठेवल्या, गोधडी टाकली, कूलर बंद केला आणि आत शिरली. इतकी शांतता होती की तिला स्वतःच्या बांगड्या काढून ठेवाव्या लागल्या. आंब्यांची जाहिरात होती.

"घ्या ताई घ्या," ती म्हणाली, "गावरान आंबे, अगदी झाडावरचे."

आणि नेहमीसारखा दम घेतला.

"व्हय," दिवाणावरून कृष्णा झोपेत म्हणाला.

तिनं वाट पाहिली. गप्प राहील, असं वाटलं.

"मग?" कृष्णानं विचारलं.

दीपमालानं गोधडीतून हात बाहेर काढून कूलर लावला, आणि आंब्यांचं पुढचं त्याला सांगायला लागली.